राज्याची मोहर असलेला रोखा आणि माझे 14 हजार डॉलर

रोखा खरा होता. मी फसले असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "नकली कागद गळ्यात मारला असेल." तसं नाही. मला विकलेले दोन्ही कर्जरोखे (बाँड) अस्सल होते. नॉर्थ कॅरोलिना राज्याचे, 1869 सालचे, दर्शनी किंमत प्रत्येकी 1,000 डॉलर, व्याज 6 टक्के. गव्हर्नर होल्डन आणि खजिनदार जेंकिन्स यांची नावं, राज्याची मोहर, आणि खाली व्याजाची न कापलेली कूपनं ओळीने चिकटलेली.

मी याच राज्याची राजधानी रॅले, तिच्याजवळ केरी गावात अठरा वर्षं राहते. बाबा गेल्यावर सातारच्या घरातला माझा हिस्सा मिळाला, त्यातले 14 हजार डॉलर यात गेले. विकणारा ओळखीतून आलेला, मराठी बोलणारा, मला "ताई" म्हणणारा. दोनदा जेवला आमच्याकडे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्याने काय सांगितलं ते नीट लिहिते, कारण हेच बोलणं तुमच्या कानावरही येऊ शकतं. तो म्हणाला, "ताई, कंपनी बुडते, राज्य बुडत नाही. हे रेल्वेसाठी काढलेलं राज्याचं कर्ज आहे आणि ती रेल्वे आजही राज्याच्या मालकीची आहे. तुमच्या घरामागून जाते, बघून या." मग 1904 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला: साउथ डकोटा राज्याने नॉर्थ कॅरोलिनावर अशाच रेल्वेच्या रोख्यांसाठी दावा लावला आणि जिंकला. दहा रोख्यांचे 27,400 डॉलर वसूल झाले. सोबत कुणा "तज्ज्ञा"चं मूल्यांकन, एकेका रोख्याची आजची किंमत लाखांत. निकाल मी स्वतः शोधून वाचला. खरा निघाला. तिथेच माझा विश्वास बसला.

सहा महिने "प्रक्रिया चालू आहे" ऐकल्यावर मी रॅलेच्या ग्रंथालयात जाऊन बसले. आधी जायला हवं होतं. तिथे जे वाचलं ते सांगते.

केरीतून जाणारा रूळ नॉर्थ कॅरोलिना रेलरोडचा. गोल्ड्सबरो ते शार्लट, 223 मैल, 1856 मध्ये पूर्ण झाला. भांडवलाचे तीन चतुर्थांश भाग (शेअर) राज्याचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं सैन्य आणि धान्य याच मार्गाने गेलं. कंपनीची कमाई कागदावर भरपूर दिसली, पण ती दक्षिणेच्या युद्धकाळातल्या नोटांत, आणि 1865 मध्ये त्या नोटा रद्दी झाल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आग्रहावरून राज्याने त्याच वर्षी युद्धाचं कर्ज नाकारलं. म्हणजे राज्य देणं नाकारू शकतं, हे माझ्या रोख्यांच्या चार वर्षं आधीच घडून गेलं होतं.

साउथ डकोटाचे दहा रोखे वेगळ्या जातीचे. त्यांना या रेल्वेतल्या राज्याच्या भागांचं प्रत्यक्ष तारण होतं. माझे रोखे म्हणजे 1868-69 मधले "विशेष कर रोखे". त्यांच्यामागे फक्त कर बसवून पैसे देऊ एवढंच वचन. दोन्हींवर मोहर तीच आणि विषयही रेल्वेचाच. फरक तारणाच्या एका ओळीत, आणि ती ओळ मला कुणी दाखवली नाही.

हे रोखे निघाले कसे, ते वाचताना माझा घसा कोरडा पडला. युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात विधिमंडळाने रेल्वे कंपन्यांसाठी सुमारे 2 कोटी 78 लाख डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, त्यातले सुमारे 1 कोटी 76 लाखांचे निघाले. जॉर्ज स्वेप्सन हा बँकवाला वेस्टर्न नॉर्थ कॅरोलिना रेलरोडच्या पश्चिम विभागाचा अध्यक्ष. मिल्टन लिटलफील्ड हा उत्तरेकडच्या सैन्यातला माजी अधिकारी. रेल्वेची विधेयकं पास करून देण्याची त्याची टक्केवारी दहा. राज्याच्या कॅपिटॉलमध्येच, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीतच, एका खोलीत त्याने आमदारांसाठी दारूचा गुत्ता मांडला होता. त्या इमारतीच्या दगडी पायऱ्यांचे कोपरे तुटलेले आहेत, ते वर चढवलेल्या पिंपांमुळे, असं तिथे सांगतात. मुलांना घेऊन मी त्या पायऱ्या कितीदा चढले आहे.

खासगी भागधारकांनी आपला वाटा भरल्याशिवाय राज्याने रोखे द्यायचे नाहीत, अशी अट होती. ती कागदोपत्री पुरी करून दाखवली गेली. पश्चिम विभागाला 60 लाखांहून जास्त डॉलरचे रोखे मिळाले आणि डोंगराकडे रूळ काही गेले नाहीत. त्या पैशांतून स्वेप्सनने फ्लोरिडातल्या रेल्वे खरेदी केल्या, आणि तिथेही 4 लाख 72 हजारांचा न वटणारा चेक दिला. पुढे फ्लोरिडा राज्याचे असेच रेल्वेसाठीचे रोखे हॉलंडमधल्या लोकांनी घेतले. समुद्रापलीकडे बसून मोहर बघून पैसे देणारी ती माणसं मला फार जवळची वाटली.

हा सगळा दोष नव्याने मताधिकार मिळालेल्या कृष्णवर्णीयांवर ढकलण्याची पद्धत नंतर पडली. ती मला अन्यायाची वाटते. स्वेप्सन मुरलेला दाक्षिणात्य गोरा होता आणि त्याचे पैसे दोन्ही पक्षांत पोचले होते. 1871 मध्ये चौकशी आयोग बसला, जबान्या झाल्या, पण स्वेप्सन आणि लिटलफील्ड, दोघांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. रूळ डोंगरातल्या ॲशव्हिलला पोचले 1880 मध्ये, कैद्यांच्या राबण्यावर. ते कैदी बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्यातले कित्येक तिथेच मेले.

त्याच 1880 साली नॉर्थ कॅरोलिनाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली: हे रोखे लोकांच्या मतानेच मंजूर झाल्याशिवाय विधिमंडळाने त्यांचा एक डॉलरही द्यायचा नाही. माझे रोखे त्या दिवशी मेले. सर्वसामान्य धारकाला राज्यावर दावाही लावता येत नाही, संघराज्याच्या घटनेची 11 वी दुरुस्ती आड येते. एका राज्याला मात्र दुसऱ्या राज्यावर दावा लावता येतो, म्हणून तर त्या जुन्या धारकांनी आपले दहा रोखे साउथ डकोटाला दान केले होते. विशेष कर रोख्यांसाठी पुढे क्युबाच्या सरकारनेही प्रयत्न केला, तोही 1917 मध्ये संपला.

एका सरकारला जे वसूल करता आलं नाही, ते वसूल होईल म्हणून मी बाबांच्या घराचे पैसे दिले.

असा रोखा कुणी दाखवला तर तो खरा आहे का, हे विचारत बसू नका. आज हे पैसे कायद्याने कोण देणं लागतो, ते विचारा आणि उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नका, राज्याच्या खजिनदाराच्या कचेरीला लेखी विचारा. फुकट आहे. अमेरिकेच्या वित्त खात्याने जुन्या रेल्वे रोख्यांच्या अशा विक्रीबद्दल इशारा दिलेला आहे, तो मी पैसे दिल्यानंतर वाचला. मूल्यांकन दाखवलं तर ते करणाऱ्याला पैसे कुणी दिले, ते पाहा. आणि "हे वकिलाला दाखवू नका, त्यांना यातलं कळत नाही" असं वाक्य आलं की तिथेच उठा. मला ते दोनदा ऐकवलं गेलं होतं.

जुने कागद विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने दोन्ही मिळून 300 डॉलर देऊ केले, संग्राहक घेतात म्हणून. मी दिले नाहीत. राज्याच्या रोखे विभागाकडे तक्रार केली आहे आणि दोन्ही कागद त्या फाइलीसाठी राखून ठेवलेत. ज्या कुटुंबाने त्या विकणाऱ्याशी आमची ओळख करून दिली त्यांचेही पैसे यात आहेत, माझ्यापेक्षा जास्त. काका अजून कुणाशी बोलत नाहीत. काकूंनी मात्र परवा त्यांचे कागद काढून दिले आणि म्हणाल्या, "लिही तू, आमचंही लिही."