गळफांदी हाताने काढावी की वाढ औषधाने रोखावी? दाट कापूस लावलेल्यांसाठी

तीन बाय एक फुटावर सरकी टोबली असेल, तर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास एक गोष्ट ठरवावीच लागते. गळफांद्या, म्हणजे खोडाच्या खालून सरळ वर वाढणाऱ्या फांद्या, हाताने काढायच्या, की मेपिक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा फवारा घेऊन अख्खं झाडच आखूड ठेवायचं? परभणी जिल्ह्यात मानवतकडच्या आमच्या काळ्या रानात मी दोन्ही करून पाहिलंय. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चार बाय दीड किंवा त्याहून लांब लावलेल्यांनी मात्र हे वाचून लगेच कात्री हातात घेऊ नये. तिथे एकरात सात हजारांच्या आसपास झाडं बसतात. गळफांदीला पसरायला जागा मिळते, पुढे तिच्यावरही फळफांद्या येतात आणि बोंडं भरतात. ती काढली तर मोकळी जागा मोकळीच राहते. तीन बाय एकमध्ये झाडं दुप्पट, एकरी साडेचौदा हजार. तिथे तीच गळफांदी शेजारच्या झाडात घुसते, सप्टेंबरपर्यंत ओळ दिसेनाशी होते आणि खालच्या बोंडांना ऊन मिळत नाही. पाऊस लांबला की सड सुरू होते ती याच खालच्या बोंडांपासून.

हाताने काढायची पद्धत आपल्याकडे बहुतेकांना शेतकरी दादा लाड यांच्या नावाने, दादा लाड तंत्र म्हणून माहीत आहे. काम तसं सोपं, पण नजर बसावी लागते. गळफांदी खालच्या पेरांवर येते, मुख्य खोडाला लगटून सरळ वर जाते आणि तिच्या पेरांवर थेट पातं (फुलाची कळी) लागत नाही. फळफांदी आडवी जाते, पेरागणिक वळते आणि प्रत्येक पानासमोर पातं धरते. साधारण पाचव्या ते सातव्या पेरापासून फळफांद्या सुरू होतात, त्यामुळे जे काढायचं ते सगळं त्याच्या खाली असतं, झाडाला दोन ते चार. सुरुवातीला बाया फांदी तोडायला कचरतात. मग एका झाडाजवळ बसून दोन्ही फांद्या शेजारी धरून दाखवल्या की हात चालू लागतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फांदी कोवळी असते आणि नखानेही निघते. पंधरा दिवस उशीर केला की तिचं लाकूड होतं. मग सिकेटर (छाटणीची कात्री) लागतो आणि ओढून काढायला गेलं की खोडाची साल सोलते. पाऊस चालू असताना हे काम मी काढत नाही. उघडीप बघून, पान कोरडं असताना करतो.

औषधाची गोष्ट वेगळी. मेपिक्वाट झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, बनणं रोखतं, त्यामुळे नवीन पेरं जवळजवळ पडतात. आधी वाढलेलं काही कमी होत नाही, पुढची वाढ तेवढी आखडते. पानं जाड आणि काळपट हिरवी होतात. हा रंग बघून खत भरपूर लागलंय असं समजू नका, तो औषधाचा परिणाम असतो. भारी जमीन, ओल भरपूर, युरिया जरा जास्त पडलेला आणि पऱ्हाटी कमरेच्या वर चाललेली, अशा रानात हा फवारा चांगलं काम करतो, हे मी पाहिलंय. दोन माणसं सकाळच्या उघडिपीत एकरभर उरकतात. फवारल्यावर काही तास पाऊस पडू नये एवढीच अट. माझ्या हिशेबात खर्चही मजुरीच्या निम्म्यावर जात नाही. ज्यांच्या घरात माणसं कमी आणि वावर जास्त, त्यांनी औषध निवडलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

मला मात्र एका गोष्टीने त्यापासून दूर नेलं, आणि ती म्हणजे आपला ऑगस्ट.

फवाऱ्याची वेळ येते जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा रानात ओल असते, झाड जोरात असतं आणि आवरायला हवं असंच वाटतं. पण मराठवाड्यात पावसाचा खंड नेमका त्यानंतर पडतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि आपल्याकडे तो कसा गेला हे सांगायची गरज नाही. त्या वर्षी आमच्या एका तुकड्यावर फवारा झालेला होता. झाड आधी औषधाने थांबलं, मग पाण्यावाचून थांबलं. सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा शेजारच्या तुकड्यातली पऱ्हाटी पुन्हा वर निघाली, फवारलेली मात्र कितीतरी दिवस जागची हलली नाही. आधीच लहान राहिलेल्या झाडावर फळफांद्याही कमीच आल्या. ताणात असलेल्या पिकावर हे औषध मारायचं नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण फवारताना ताण नव्हता, तो नंतर आला. मारलेलं औषध झाडातून परत काढता येत नाही, आणि पुढच्या तीन आठवड्यांचं आभाळ आपल्याला आधी कळत नाही. मला खटकलं ते हेच. ज्या दिवशी ठरवायचं त्या दिवशी हातात काहीच नसतं, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी उपाय नसतो.

हाताच्या पद्धतीत हाच निर्णय दोन वेळा घेता येतो, म्हणून मी तिच्याकडे झुकलो. आधी निघते फक्त गळफांदी. तिने झाडाची उंची थांबत नाही. जे अन्न पानं आणि काड्या वाढवण्यात गेलं असतं ते खोडाकडे आणि फळफांद्यांकडे राहतं. पुढे पाऊस थांबला तरी झाडाचं नुकसान नाही, उलट पानांचा पसारा कमी असल्याने ते ताण जरा बरा काढतं असं मला वाटतं. हे मोजून पाहिलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेंडा खुडायचं नंतर, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांनी, झाड तीन-साडेतीन फुटांवर आलं की. तोवर ऑगस्ट सरलेला असतो आणि खंड पडला की नाही हे आपल्या डोळ्यांसमोर असतं. झाड गुडघ्याच्या थोडंच वर असेल तर शेंडा राहू द्यावा. कमरेला लागलं असेल तर खुडावा. एखाद्या ओळीत उंच, पलीकडच्या मुरमाड पट्ट्यात ठेंगणं, असं असेल तर तेवढ्याच ओळी घ्याव्यात. असा भेद औषधाने करता येत नाही. पंपाखाली जे येईल ते सगळं आखडतं, गळफांदीही आणि फळफांदीही.

बोंडअळीच्या बाजूने दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगाच्या आहेत. वरची उशिराची बोंडं कमी झाली की वेचणी लवकर आटोपते आणि डिसेंबरअखेर रान मोकळं करता येतं. २०१७चा गुलाबी बोंडअळीचा हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना फरदड (वेचणीनंतरही पीक तसंच पुढे ठेवणं) न ठेवण्याचं महत्त्व पटवावं लागत नाही.

आता हाताच्या पद्धतीची खरी अडचण, आणि ती लहान नाही. साडेचौदा हजार झाडं, प्रत्येकावर दोन ते चार फांद्या आणि सगळं वाकून. आणि नेमकं तेव्हाच सोयाबीनमध्ये खुरपणी जोरात असते. गावातल्या बाया एकाच वेळी दहा ठिकाणी लागतात. उशीर झाला की फांदी टणक होते, काम दुप्पट होतं आणि फायदा निम्मा. पाच एकरांच्या पुढे सगळा कापूस दाट असेल तर हाताचा आग्रह धरणं कठीण आहे, हे मी मान्य करतो. अशांनी गळफांदी निम्म्या रानात काढावी आणि उरलेल्या निम्म्यासाठी औषध राखून ठेवावं. तेही ज्या तुकड्याला विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी हमखास देता येतं तिथेच, आणि लेबलवरच्या प्रमाणातच. पाणी हातात असेल तर ऑगस्टची भीती उरत नाही आणि माझा आक्षेपही उरत नाही. कोरडवाहू तुकड्यावर मात्र मी बाटली उघडणार नाही.

हाताने करायचं ठरलं तर मजुरीचं आधी बघा. रोजाने लावण्यापेक्षा एकराचं गुत्तं (ठरावीक रकमेचा ठेका) दिलेलं परवडतं, पण पहिली सकाळ स्वतः ओळीत राहावं लागतं, नाहीतर घाईत खालची फळफांदीही जाते. गुत्तं जुलैच्या मध्यालाच बोलून ठेवा आणि सोयाबीनच्या दुसऱ्या खुरपणीआधीचे दिवस मागून घ्या. त्या बायांनाही ते बरं पडतं, कारण तेव्हा त्यांच्या हाताला काम थोडं कमी असतं.