सात रस्त्याजवळचा सेटचा समाजशास्त्र वर्ग: शिकवणं अस्सल, टेस्ट सिरीज टाळा

समाजशास्त्रातून सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, द्यायची आहे आणि पुण्यात खोली घेऊन राहणं परवडत नाही, अशा सोलापूरच्या मुलामुलींनी सात रस्त्याजवळचा हा शनिवार-रविवारचा वर्ग बिनधास्त लावावा. फी नऊ हजार, दोन हप्त्यांत घेतात, नोट्स त्यातच. टेस्ट सिरीजचे पंधराशे वेगळे. ते मात्र देऊ नका. का, ते पुढे लिहिते.

आधी सोयी-गैरसोयी. जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. हॉलमध्ये चाळीस जण बसतात. एप्रिल-मेमध्ये मागच्या दोन रांगांना पंखा पोचत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढे बसा. पाण्याचा जार असतो. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे आणि ते स्वच्छ असतं, हे आवर्जून सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच अभ्यासिकांत ते नसतं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तास असल्यामुळे माझ्यासारख्या सीएचबीवर, म्हणजे कॉलेजात तासाच्या हिशेबाने, शिकवणाऱ्यांना जमतं. पेपर एकची तयारी ठीकठाक आहे, तेवढ्यासाठी हा वर्ग लावायची गरज नाही.

खरा जीव आहे तो पेपर दोनमध्ये, म्हणजे समाजशास्त्राच्या पेपरात, आणि त्यातही स्थलांतराच्या घटकात. हा घटक बहुतेक ठिकाणी व्याख्या आणि विचारवंतांची नावं पाठ करून घेऊन उरकतात. इथे सरांनी अमेरिकेतले दोन समाज शेजारी ठेवून अख्खा घटक शिकवला: तैवानहून आलेले आणि घानाहून आलेले. सोलापुरात बसून तैवान-घाना कशाला, असं पहिल्या तासाला बऱ्याच जणांना वाटलं असेल. तास संपल्यावर कोणी जागचं उठलं नाही.

सुरुवातीला फळ्यावर थोडकेच आकडे होते. अमेरिकेत राहणाऱ्या, तैवानमध्ये जन्मलेल्या दहा प्रौढांपैकी साधारण सात पदवीधर. घानात जन्मलेल्यांत तिघांत एक किंवा जरा जास्त, म्हणजे खुद्द अमेरिकनांच्या जवळपास. उत्पन्नात तैवानी घरं त्या देशातल्या सगळ्यांत वरच्या गटांत. घानाची घरं देशाच्या मधल्या आकड्याच्या आसपास. मग प्रश्न: असं का?

हॉलमधून उत्तरं आली ती आपण सगळेच देतो तशी. तिकडचे लोक कष्टाळू, शिस्तीचे, मुलांच्या शिक्षणाला जपणारे. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले: निघालं कोण? निघावं का लागलं? दार कोणतं उघडलं? पोचल्यावर पुढ्यात काय आलं? आणि दोन्ही समाजांची उत्तरं एकेक करून भरायला घेतली.

तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. १९७९ पर्यंत साध्या माणसाला सहलीसाठी देशाबाहेर जाता येत नव्हतं. बाहेर पडायचा मोठा रस्ता म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण. तिथल्या विद्यार्थ्यांत एक म्हणणंच पडलं होतं, ‘या या या, तैवान विद्यापीठात या, जा जा जा, अमेरिकेला जा.’ अमेरिकेने १९६५च्या कायद्याने देशवार जुने कोटे मोडले आणि नातेवाइकांना आणि कौशल्याला प्राधान्य दिलं. १९८२पासून तैवानला चीनपेक्षा वेगळी, वर्षाला वीस हजारांची मर्यादा मिळाली. म्हणजे जो माणूस लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरला, तो तिथल्या प्रवेश परीक्षेतून, पदवीतून, अमेरिकन विद्यापीठाच्या निवडीतून आणि व्हिसातून पार होऊन आलेला होता. त्याच्या मागे जे घर होतं त्यालाही १९५३च्या जमीन सुधारणेने कसायला स्वतःची जमीन मिळालेली असू शकत होती, आणि १९६८पासून धाकट्या भावंडांना नऊ वर्षांचं मोफत शिक्षण. शिस्त आणि शिक्षणाची शिकवण देणाऱ्या चिनी तत्त्वज्ञाचं, कन्फ्यूशियसचं, नाव घेण्याआधी एवढं सगळं मोजावं लागतं.

आणि मायदेशाने त्यांना परत ओढूनही घेतलं. १९८०मध्ये शिन्चू इथे विज्ञान उद्यान उभं राहिलं, अमेरिकेत शिकलेले अभियंते तिथे कंपन्या काढायला आले. मॉरिस चँग यांनी अमेरिकेतली मोठी कारकीर्द मागे टाकून १९८७मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी सुरू केली. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या तैवानी माणसाच्या मागे नुसतं घर नव्हतं, एक वाढता उद्योग होता.

आता घाना. १९५७मध्ये स्वतंत्र झालेला देश, कोकोच्या भावावर उभा. सत्तरच्या दशकात अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा शिक्षक, कारागीर, मजूर सगळे जवळच्या तेलवाल्या नायजेरियाकडे निघाले. जानेवारी १९८३मध्ये नायजेरियाच्या सरकारने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायचा हुकूम काढला. त्यात दहा लाखांच्या आसपास घानाचे होते. ते परतले त्याच वर्षी घानात भीषण दुष्काळ होता, रानंच्या रानं जळत होती. या लोकांनी सामान ज्या स्वस्त चौकटीच्या प्लास्टिक विणीच्या बॅगांत भरलं, तिचं तिकडे नावच पडलं, ‘घाना मस्ट गो’. आमच्या वर्गात मंगळवेढ्याहून येणाऱ्या एका मुलीकडे नेमकी तशीच बॅग होती, लाल-निळ्या चौकटीची, मधल्या मारुतीजवळ टांगलेल्या असतात तीच. सरांनी ती तिची परवानगी घेऊन टेबलावर ठेवली. चेन तुटली होती म्हणून तिने वरून सुतळी बांधली होती. पुढचा अर्धा तास ती बॅग तिथेच होती, आणि १९८३ हे साल त्या हॉलमधलं कोणी आता विसरणार नाही.

मात्र सर तिथे थांबले नाहीत, आणि इथेच मला हा वर्ग इतरांपेक्षा वेगळा वाटला. घानाचे सगळे निर्वासित आणि तैवानचे सगळे अभियंते, असं सोपं चित्र त्यांनी होऊ दिलं नाही. घानाने स्वतः १९६९मध्ये परदेशी लोकांना, त्यात नायजेरियन बरेच, बाहेर काढलं होतं, हेही सांगितलं. घानाचे डॉक्टर आणि नर्सेस ब्रिटन-अमेरिकेच्या इस्पितळांत मोठ्या संख्येने गेले. त्यांची कमाई पाहिली तर ती तैवानी अभियंत्याच्या तोडीची निघेल. अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यातून आलेल्या विविधता व्हिसाच्या सोडतीत घानातून अनेकांचा नंबर लागला. त्या सोडतीला बारावीइतकं शिक्षण किंवा ठरावीक कामाचा अनुभव पुरतो. म्हणजे दार वेगळं, म्हणून आत येणारा माणूसही वेगळा. त्यातच न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पोचल्यावर काळ्या कातडीमुळे घर भाड्याने मिळायला त्रास, घानातली पदवी न मानली जाणं, त्याच शिक्षणाला कमी पगार. इंग्रजी चांगलं येत असूनही. युरोपातही तसंच: नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमच्या बायल्मर भागात १९९२मध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं, तिथेही घानाची कितीतरी कुटुंबं राहत होती. कागदपत्रं नसलेले लोक कोण आणि किती, हे त्या वेळी सरकारलाही नीट ठाऊक नव्हतं.

पहिल्या रांगेतल्या अक्कलकोटच्या मुलाने मग विचारलं, “सर, ते शिकले म्हणून गेले, का गेले म्हणून शिकले ओ?” पूर्ण घटकातला हा सगळ्यांत चांगला प्रश्न होता. सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावून त्याच्याकडूनच उत्तर काढून घेतलं.

बचतीच्या सवयीवर झालेला तास तर मला तोंडपाठ आहे. तैवानी लोक भिशी लावतात, लिलावाची. ज्याला गरज जास्त तो जास्त व्याज बोलतो आणि रक्कम उचलतो. त्यावर कित्येकांची दुकानं उभी राहिली. घानात भिशीला सुसू म्हणतात, बाजारातल्या बायका ती लावतात, आणि परदेशातही त्यांनी ती सोडली नाही. हॉलमधल्या निम्म्या मुलींनी हात वर केले, कारण प्रत्येकीची आई कुठल्या ना कुठल्या भिशीत होती. मग काटकसर आणि एकमेकांवरचा विश्वास ही कारणं असतील, तर तिन्हीकडे सारखंच फळ यायला हवं होतं. भिशीतून उचललेली रक्कम कुठे लावता येते, त्या शहरात त्या माणसाला दुकान भाड्याने कोण देतं, बँक पुढचं कर्ज देते का, यावर सगळं अडतं.

तसंच फुजियानचं. तैवानमधल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज चीनच्या फुजियान प्रांतातले. १९९३च्या जून महिन्यात गोल्डन व्हेंचर नावाचं जहाज न्यूयॉर्कजवळ वाळूत रुतलं, त्यात चोरट्या मार्गाने आणलेले २८६ जण होते, बरेचसे त्याच फुजियानचे. प्रांत तोच, पूर्वजांची पूजा तीच, मुलांनी शिकावं ही तळमळ तीच. एकाच्या हातात विद्यापीठाचं पत्र, दुसऱ्याच्या डोक्यावर दलालाचं कर्ज.

हे ऐकताना माझं मन सोलापूरच्या पूर्व भागात होतं. आम्ही पद्मशाली, विणकर. आमचे पणजोबा निजामाच्या तेलंगणातून, करीमनगरकडून सोलापुरात आले. १८७७पासून इथे गिरणी होती आणि विणकराच्या हाताला काम होतं. त्याच वाटेने आलेल्या, त्याच मार्कंडेयाच्या रथापुढे हात जोडणाऱ्या कुटुंबांतून चादरीचे कारखानदार झाले आणि विडी कामगारही झाल्या. एकच आडनाव अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्याच्या पाटीवर दिसतं आणि कुंभारीच्या विडी घरकुलात दारावरही. माझ्या आईने मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. कात्रीने पान कापताना तिची नजर आमच्या वहीवर असायची. शिक्षणाची ओढ कारखानदाराच्या घरात जास्त आणि आमच्यात कमी, असं कोणी मला सांगायला आलं, तर मी त्याला आईची कात्री दाखवीन. फरक पडला तो माग कोणाच्या मालकीचा होता, गिरणी बंद पडली तेव्हा घरात काय शिल्लक होतं, आणि पत कोणाला मिळाली, यातून. या घटकाने मला हे मांडायची पद्धत दिली, आणि त्यासाठी नऊ हजार रुपये मी पुन्हा देईन.

आता टेस्ट सिरीज. ती वर्गाने बाहेरच्या कोणाकडून तरी घेतलेली आहे आणि सरांच्या शिकवण्याशी तिचा काही संबंध नाही. स्थलांतराच्या चाचणीत प्रश्न असा: अमेरिकेतील तैवानी स्थलांतरितांच्या आर्थिक यशाचे मुख्य कारण कोणते? पर्यायांत ‘कन्फ्यूशियन मूल्ये’ आणि ‘स्थलांतरितांची निवड’ दोन्ही होते. उत्तरतालिकेत पहिलं बरोबर. त्याच्या खालचा प्रश्न आफ्रिकी स्थलांतरितांच्या मागे राहण्याचा होता आणि तिथेही उत्तर ‘सांस्कृतिक घटक’. अमेरिकेत आफ्रिकेतून आलेल्यांचं काम करण्याचं प्रमाण तिथेच जन्मलेल्यांपेक्षा जास्त आहे. मागे राहण्याचं कारण संस्कृती म्हणून खूण करायला लावणं हे मुलांना चुकीचं शिकवणं आहे. मी ग्रुपवर दोन्ही प्रश्नांची हरकत कारणांसकट लिहून टाकली. कार्यालयातून उत्तर आलं, की तालिका बदलत नाही. सरांनी पुढच्या तासाला ते दोन्ही प्रश्न फळ्यावर घेऊन खोडले, हे मात्र नोंदवते. तरीही जी मुलं फक्त चाचण्याच सोडवतात, त्यांच्या डोक्यात ती खूण राहून जाते. आपल्यातली बरीच मुलं उद्या वर्गात शिकवणार आहेत. संचालकांनी ही सिरीज बंद करावी किंवा प्रश्न सरांकडून काढून घ्यावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

नोट्सबद्दल: स्थलांतर, जात आणि शहर या घटकांच्या नोट्स मराठीत, नीट परिच्छेदांत, स्वतः लिहिलेल्या आहेत. जनगणनेचे आकडे कसे वाचायचे यावर चार पानं फार उपयोगी. अमेरिकेच्या जनगणनेत ‘तैवानी’ असा वेगळा चौकोन नसतो, हाताने लिहावं लागतं. त्यामुळे कोणी तैवानी लिहितं, कोणी चिनी, आणि आकडा त्याप्रमाणे हलतो. हे उदाहरण तिथलंच. संशोधन पद्धतीच्या नोट्स मात्र विस्कळीत आहेत, झेरॉक्सही फिकी. त्यासाठी दुसरं पुस्तक घ्या.

पाचपैकी चार गुण, आणि ते शिकवण्याला. नवी बॅच लागताना पहिले दोन तास मोफत बसू देतात. स्थलांतराचा घटक मधल्या टप्प्यात येतो, तेव्हा एक आठवडाही चुकवू नका. सरावाला मागच्या वर्षांच्या सेटच्या मूळ प्रश्नपत्रिका वापरा. पेपर दोनला शंभर प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पंधराशे रुपये वाचतील, त्यात पुढच्या रांगेत बसायला रिक्षाने वेळेवर याल.