डिचोली तालुक्यातील माती-कार्यशाळा: चाकाआधी फावडे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका कुंभाराच्या अंगणातच चालणाऱ्या छोट्या कार्यशाळेत मी गेल्या मार्चमध्ये तीन दिवस माती शिकलो. मडकी घडवायला शिकलो असे म्हणणार नाही, कारण तिथल्या शिकवणीचे खरे मोल चाकावर बसण्यापूर्वीच्या दीड दिवसात आहे. भाजणीसह ३,५०० रुपये शुल्क मला वाजवी वाटले.

पहिल्या सकाळी कुंभारकाकांनी आम्हां सहा जणांना कापणी झालेल्या शेतात नेले. वरचा मुळांचा थर बाजूला सारून आम्ही खालची करडी चिकणमाती काढली आणि परतताना जांभ्याच्या उतारावरची तांबडी मातीही घेतली. दोन्हींची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायला सांगितले, तेव्हा करडी न चिरता वळली आणि तांबडी दोन ठिकाणी मोडली. तेवढ्यावरून करडीच उत्तम असे मी ठरवून टाकले होते. पण ओल्या पट्टीवर ओढलेली १० सेंटिमीटरची रेघ वाळल्यावर करडीत ९ सेंटिमीटर उरली, तर दोन्ही माती आणि थोडी बारीक वाळू यांच्या मिश्रणात ९.४. इतकी आकसणारी माती नुसती वापरली तर भांडे वाळतानाच तडकते, हे मग समजावून सांगावे लागले नाही.

एका ताईंनी मांडवी नदीकाठच्या खाजनातली, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतातली, माती आणली होती. काकांनी ती जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाले, "ताई, ही खारी आहे. अशीच वापरलीत तर भांड्यावर मीठ फुटेल." तिचा एक गोळा वाळवला, तर खरोखरच त्यावर पांढरी पूड आली. मग ती माती पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचे पाणी ओतून टाकण्याचा क्रम तीनदा झाला आणि थोडी आमच्या मिश्रणात पडली. हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

चाकाचे दोन तास मात्र फार अपुरे आहेत. थापटण्याने भांड्याचे बूड ठोकून वाढवण्याचे कसब तर केवळ दाखवले गेले, कोणाच्या हाती दिले नाही.

एक तक्रार गंभीर आहे. भाजलेला माझा लोटा घरी आणल्यावर आठवड्याभरात त्याच्या पोटावरून नखाएवढी खपली उडाली आणि खाली पांढरा ठिपका दिसला. तो शिंपल्याचा तुकडा होता. भट्टीत शिंपल्याचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भोवतालची माती उचकटतो. गोव्याच्या दमट हवेत याला वेळ लागत नाही. खाजनातली माती धुतली होती, पण वाळूच्या जाड चाळणीतूनच काढली होती. मी कळवले तेव्हा त्यांनी विनातक्रार दुसरा लोटा देऊ केला. मला लोट्यापेक्षा कापडातून गाळलेली माती हवी आहे, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

जायचे असल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी जावे, कारण नंतर शेतात पाणी भरते आणि घडवलेली भांडीही लवकर वाळत नाहीत. सोबत आपल्या परसातली मूठभर माती अवश्य न्यावी; काका ती तपासून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.