शाळेतले ‘पालक-कलाकार शनिवार’: वर्षभराच्या वापरानंतर (आणि एका कपाटाविषयी जरा जास्तच)

शाळेच्या ग्रुपवर पुढच्या वर्षीचा फॉर्म आला. पालक-कलाकार शनिवार, शुल्क १,५०० रुपये, पैकी ६०० साहित्य शुल्क, परतावा नाही. ‘परतावा नाही’ एवढंच ठळक अक्षरात. ते कोणासाठी आहे हे वर्गातल्या निम्म्या पालकांनी ओळखलं असेल, कारण यंदाचे ६०० परत मागणारा मी एकटाच निघालो. तर आता सविस्तरच लिहितो. शाळा नाशकात इंदिरानगरच्या बाजूची, खासगी. नाव लिहीत नाही, मुलगा अजून तिथेच चौथीत आहे.

हा प्रकार काय असतो ते बहुतेकांना माहीत आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारचा ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला, नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत, त्यामुळे हल्ली बहुतेक शाळांत कोणी ना कोणी कलाकार येऊन जातो. आमच्याकडे वेगळं एवढंच, की महिन्यातल्या एका शनिवारी मुलासोबत घरचं कोणीतरी यायचं. आई, बाप, आजी, काका, कोणीही चालतं. कलाकार तिघे: नाटकवाले दादा, मातीकामाच्या ताई आणि वारली चित्रं शिकवणारे सर. वेळ साडेआठ ते साडेदहा.

आता कपाट.

व्हरांड्यात एक लोखंडी कपाट आहे. आमच्या ६०० रुपयांतून आलेलं सगळं साहित्य त्यात: पोस्टर कलर, ब्रश, कार्डशीट, शाडू, गोंदाचे डबे. किल्ली अकाउंटच्या मॅडमकडे. मॅडमची वेळ अकराची. शनिवार सुरू होतो साडेआठला.

पुन्हा वाचा. मी अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या डोक्यात जातात हे मान्य. पण जूनपासून दर वेळी तोच तमाशा. शिपाईकाका मॅडमना फोन लावणार, मॅडमचा मुलगा स्कूटरवर गंगापूर रोडहून किल्ली घेऊन निघणार, मुंबई नाक्याला अडकणार, आणि इकडे चाळीस मुलं अन् त्यांची माणसं कपाटाकडे बघत उभी. मी सांगितलं, दुसरी किल्ली करून घ्या, पैसे मी देतो. उत्तर आलं, ऑडिटचा प्रश्न येतो. कसलं ऑडिट? कपाटाला स्टॉक रजिस्टरच नाही! काय आलं, काय गेलं, शिल्लक किती, एक ओळ कुठे लिहिलेली नाही. आमच्याकडे साधा हातमोज्यांचा जोड द्यायचा तरी इश्यू स्लिप लागते.

सुरुवातीच्या बैठकीत मुख्याध्यापिका बाईंनी पडद्यावर पुष्कळ दाखवलं होतं. इटलीत रेज्जो एमिलिया नावाच्या शहराजवळच्या एका गावात १९४५ साली, युद्ध संपल्या संपल्या, लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून, स्वतः राबून, मुलांची शाळा उभी केली. पुढे तिथल्या बालशाळांत एक कलाकार कायमचा असायला लागला. इंग्लंडमध्ये २००२ ते २०११ सरकारी पैशातून शाळांत कलाकार पाठवले जायचे. शाळेला नेमकं काय हवंय ते आधी विचारून मग माणूस निवडायचे. रणगाड्याची गोष्ट मला बेहद्द आवडली. भंगाराचा एवढा चांगला विनियोग मी आमच्या एमआयडीसीत पाहिलेला नाही.

पण तिकडे आईबापांनी विटा रचल्या, इकडे पहिल्या शनिवारी आम्हाला भिंतीला टेकून खुर्च्यांवर बसवलं. ताई मातीचे गोळे करून दाखवणार, मुलं करणार, आम्ही मोबाइलवर फोटो काढणार. दोन तास. शेजारी बसलेल्या एका आजींनी आयुष्यभर चुली लिंपल्या असतील. त्यांना कोणी ‘हात लावा’ म्हटलं नाही.

वारलीच्या शनिवारी तर कहर. छापील आकृत्या वाटल्या, रंग भरायला! वारली चित्राला लागतं काय? गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि टोकाला चावून ब्रश केलेली काडी. जिव्या सोमा म्हसे यांनी एवढ्यावर ती कला जगभर नेली आणि २०११ ला पद्मश्री मिळवली. तिला आम्ही पोस्टर कलरचे बारा रंग लावले, कारण ते कपाटात होते. (सरांचा दोष नाही. ते बिचारे गेरू घेऊनच आले होते. ‘साहित्य शाळेचंच वापरा’ असं त्यांना सांगण्यात आलं.)

तोपर्यंत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी दीड दिला असता, तोही मुलगा शनिवारी स्वतःहून लवकर उठायचा म्हणून.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मॅडम लग्नाला गावी आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. त्या दिवशी नाटकवाल्या दादांची पाळी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, “पालकांनो, पार्किंगमध्ये जा. गाड्यांच्या डिक्कीत जे असेल ते घेऊन या.”

नाशिककरांच्या डिक्कीत काय निघतं ते बघण्यासारखं होतं. रेनकोट, सुतळी, कांद्याचं रिकामं गोणपाट, जुन्या पेपरची रद्दी, हेल्मेट, डबे, देवाला वाहून उरलेली फुलं, एका डिक्कीतून आख्खा नारळ. सगळं मधोमध ओतलं आणि दादा म्हणाले, यातून तोंडं करा, माणसांची, देवांची, प्राण्यांची, काय वाटेल ती.

मागच्या रांगेत एक आजोबा नेहमी यायचे. पाथर्डी फाट्याला बांधकामावर वॉचमन आहेत, मूळचे सुरगाण्याकडचे. रात्रपाळी करून नातवाबरोबर येणार, खुर्चीत पेंगणार, इतकीच त्यांची ओळख. त्यांनी रद्दी ओढली, पाणी मागितलं, कागद भिजवून पुठ्ठ्यावर थापायला लागले. नाक उभं राहिलं, भुवया आल्या, मग आमच्यापैकी कोणाला तरी ‘धर रे इथं’ म्हणून कामाला लावलं. विचारल्यावर म्हणाले, आमच्याकडं बोहाडा असतो. गावचा देवीचा उत्सव, रात्र रात्र चालतो, टेंभ्यांच्या उजेडात सोंगं नाचतात. आधी गणपती, मग सरस्वती, मग बाकीचे. सोंग कोणी घ्यायचं तेही ठरलेलं. “नरसिंव्ह आमच्या घरचा. बापानं नाचवला, मी नाचवला.”

मग नाचूनही दाखवला. संबळ नव्हता. तांबट लेनमध्ये काकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वडिलांनी स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. त्यांचा हात इतका नेमका, की डब्याला कुठे पोचा पडला नाही. आणि चौथीतल्या एका मुलीची आई, जी ग्रुपवर फक्त ‘ओके सर’ लिहायची, ती ढोल पथकात आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. हेल्मेट पालथं घालून तिने जे वाजवलं त्यावर शेजारच्या सोसायटीतून तक्रार आली. नाशिक ढोलाला तक्रार आली नाही तर तो वाजला असं म्हणता येत नाही. दादा स्वतः मांडी घालून मुलांत बसले आणि आजोबांकडून पावलं शिकले.

त्या दिवसाचा साहित्य खर्च: शून्य. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

तिथून सगळंच बदललं. दादांनी कपाटाचा नाद सोडला, बाकी दोघांनीही. आदल्या आठवड्यात घरी एक चिठ्ठी यायची, ‘तुमच्या घरात हातांनी काय काय करतात?’ आणि पुढचा शनिवार त्याच्या उत्तरांवर चालायचा. एकदा गोधड्या. जुन्या नाशकातल्या एका आजींनी रंगपंचमीची रहाड सांगितली. पेशवाईपासूनचे जमिनीतले हौद, वर्षभर झाकलेले, त्या एका दिवसासाठी उघडायचे, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. सिडको-इंदिरानगरच्या अर्ध्या मुलांना आपल्याच गावात असं काही आहे याचा पत्ता नव्हता. मुलांनी लगेच मैदानात खडूने रहाड आखली आणि एकमेकांना आत ढकललं.

आई माझी बालवाडी चालवायची. तिला हे सांगितलं तर म्हणाली, यात नवीन काय? बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून हेच केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, वस्तीत मिळेल त्यातून साधनं. पुढे कोसबाडला तेच. “त्यांच्याकडे कपाट नव्हतं,” म्हणाली. माझ्या कपाटाच्या कथा तिने भरपूर ऐकल्यात.

माझी पाळी जानेवारीत आली. चिठ्ठीत मी ‘स्टोअरकीपर, हातांनी विशेष काही नाही’ असं लिहिलं होतं. दादांनी त्याचंच नाटक केलं. अर्धी मुलं नट-बोल्ट, अर्धी कामगार, दारात स्टोअर. स्टोअरकीपर झाला माझा मुलगा. कमरेवर हात ठेवून, चष्मा नसताना चष्म्यावरून बघत म्हणाला, “स्लिप कुठंय? स्लिपशिवाय बापालासुद्धा देणार नाही.” लोक हसून हसून पडले. बायकोने व्हिडिओ काढला आणि सासरी-माहेरी सगळीकडे पाठवला. घरी मी असाच बोलतो म्हणे.

आता तक्रारी, ज्या फॉर्म भरण्याआधी तुम्ही शाळेला विचाराव्यात.

आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून मी जाऊ शकलो. ज्यांचं मेन रोडला दुकान आहे, ज्या चार घरची कामं करतात, ज्या द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगला जातात, त्यांना सकाळचा शनिवार कसा जमणार? येणारे चेहरे तेच ते. त्यावर शाळेची कडी म्हणजे ‘सर्वाधिक उपस्थित पालक’ असं प्रमाणपत्र. मलाही मिळालं. ज्याची आई पॅकिंगला जाते ते पोर समोर बसून टाळ्या वाजवतंय, हे काय बघायचं असतं? एखादा शनिवार संध्याकाळी ठेवा, एखादा वस्तीत जाऊन करा. दोन्ही सुचवून झालं, ‘विचार करू’ झालं. आणि मधेच सगळ्यांना उभं करून बॅनरसकट फोटो काढण्याची प्रथा बंद करा, रंगात आलेलं सगळं विस्कटतं.

सर्वांत मोठी गोष्ट मला चहाच्या टपरीवर कळली. कलाकारांचं दिवाळीचं मानधन संक्रांतीला मिळालं. म्हणजे न वापरलेल्या गोंदाचे पैसे जूनमध्ये रोख भरलेले, आणि ज्या माणसामुळे हे सगळं चाललं तो तीन महिने थांबलेला. गोंद वाळून दगड झालाय, बघितलाय मी.

म्हणून ६०० परत मागितले. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे शुल्काला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, तर त्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा म्हटलं. ऑफिसने सांगितलं, साहित्य शुल्क ऐच्छिक आहे. ऐच्छिक असेल तर द्या परत. तर म्हणे, परतावा नाही, पण तुमच्या वाटणीचं साहित्य घेऊन जा. गेलो. पोस्टर कलरची एक पेटी आणि कार्डशीट हातात ठेवली. रविवार कारंजाला याची किंमत काय होते ते मी काढलं, सहाशेच्या जवळपासही जात नाही. मॅडमनी कोरी वही उघडून सही मागितली. स्टॉक रजिस्टर अखेर सुरू झालं, पहिली नोंद माझी.

नोंदणी करावी का? आमच्या शाळेपुरतं, करा. ९०० रुपयांना फुकट आहे, १,५०० ला महाग. मी ९०० भरलेत आणि शेऱ्यात लिहिलंय की आणखी घ्यायचेच असतील तर मानधनाच्या नावाने घ्या, तेही देतो.

मागच्या बैठकीत आम्ही काही पालकांनी आणखी एक मागणी केली. जूनपासून एक शनिवार बोहाड्याच्या आजोबांना कलाकार म्हणून बोलवा, पालक म्हणून नाही. बाकीच्यांइतकंच मानधन द्या. मुख्याध्यापिका बाईंना पटलं. ऑफिसने बायोडेटा आणि पॅन कार्ड मागितलंय. पॅन कार्ड आहे. बायोडेटा आम्ही लिहितोय, पण ‘अनुभव’ या रकान्यात किती वर्षं टाकायची यावर आजोबा आणि नातू यांचं अजून जमत नाही.