स्नोमोबिलचे हातमोजे: चामड्याचे की नायलॉनचे?

स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालवायची मोटारगाडी; तिचा थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे हातमोजा आधी तिथेच झिजतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या बर्फात दिवसभर हिंडायचं, तर या अंगठ्याचाच विचार आधी.

बकरीच्या चामड्याचा मोजा घासाघाशीला दाद देत नाही आणि वापरून हाताच्या आकाराचा होतो. पण मेण चोळत राहावं लागतं. भिजला आणि शेगडीजवळ वाळवला की पापडासारखा कडक! नायलॉनचा, आत गोर-टेक्सचा (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा) पडदा असलेला मोजा हलका, जलरोधक. शिवण मात्र लवकर उसवते.

तळव्याकडे जाड अस्तर नकोच, हँडलमध्ये बसवलेल्या हीटरची ऊब हातापर्यंत यायची अडते. माझी पसंती: तळवा-अंगठा चामड्याचा, पाठ नायलॉनची.