घरचा सर्व्हर आणि त्याचा बॅकअप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

दहा महिन्यांपूर्वी मी घरातला एक जुना डेस्कटॉप संगणक रिकामा केला, त्यात ४ टेराबाइटच्या दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या, वेगळ्या एसएसडीवर (वेगवान साठवण-डिस्कवर) डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली आणि घरातल्या सर्वांचे फोटो, व्हिडिओ व कागदपत्रे त्या एका ठिकाणी आणली. सर्व्हर उभा करायला दोन दिवस पुरले. त्याच्या बॅकअपवर विसंबता येईल अशी स्थिती यायला मात्र जवळपास सात महिने गेले. त्यामुळे उभारणीविषयी थोडे आणि बॅकअपविषयी सविस्तर लिहीत आहे.

उभारणीत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. राउटरमध्ये सर्व्हरसाठी आयपी पत्ता राखून ठेवावा, नाहीतर कधीतरी पत्ता बदलतो आणि प्रत्येक संगणकावर जोडलेले फोल्डर अचानक सापडेनासे होते. दुसरे म्हणजे सर्व्हर वायफायवर न ठेवता केबलनेच जोडावा. गिगाबिट जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट असते; मोठे व्हिडिओ पाठवताना मला ११० पर्यंत वेग मिळाला, पण हजारो लहान फोटो पाठवताना तो बराच खाली आला, कारण प्रत्येक फाइलमागे उघडण्या-मिटण्याचा वेळ जातो. घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी मी वायरगार्ड ही घराच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी देणारी व्हीपीएन प्रणाली वापरतो. ते २०२० साली लिनक्स कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाल्यामुळे वेगळे मॉड्यूल (जोडभाग) बांधावे लागत नाही. फाइल शेअरिंग थेट इंटरनेटवर कधीही उघडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे) सॉफ्टवेअर पसरले ते एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊनच.

दोन्ही डिस्क झेडएफएस या फाइल साठवणाऱ्या प्रणालीच्या मिररमध्ये आहेत, म्हणजे एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. सुरुवातीला यालाच मी बॅकअप समजत होतो. तिसऱ्या महिन्यात घरातल्या एकाच्या हातून लग्नाच्या फोटोंचे पूर्ण फोल्डर पुसले गेले, आणि मिररने ती पुसण्याची आज्ञाही तितक्याच इमानदारीने दोन्ही डिस्कवर पाळली. फोटो वाचले ते दर तासाला घेतल्या जाणाऱ्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे होते त्याच्या गोठवलेल्या नोंदीमुळे. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर नवे लिहीत नाही, नवीन मजकूर दुसरीकडे लिहिते. म्हणून स्नॅपशॉट क्षणात तयार होतो आणि जे बदलले असेल तेवढीच जागा घेतो. दडवलेल्या स्नॅपशॉट फोल्डरमधून सगळे फोटो काही मिनिटांत परत मिळाले. तरीही स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. संगणक जळाला किंवा चोरीला गेला तर तोही गेला.

म्हणून बाहेरच्या यूएसबी डिस्कवर रोज रात्री आरसिंक या प्रत काढणाऱ्या आज्ञावलीने प्रत काढायला सुरुवात केली, आणि दहा महिन्यांतली सर्वांत मोठी चूक इथेच झाली. एका रात्री ती डिस्क जोडली गेली नाही. ज्या फोल्डरवर ती दिसायला हवी होती, ते रिकामे फोल्डर मात्र एसएसडीवर होतेच. आरसिंकने निमूटपणे तिथे प्रत काढायला घेतली, एसएसडी काठोकाठ भरली आणि सकाळी एकही सेवा चालेना. त्यानंतर प्रत काढणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डिस्क खरोखर माउंट झाली आहे का (त्या फोल्डरला जोडली गेली आहे का) हे तपासले जाते. नसेल तर काम तिथेच थांबते. शिवाय अपयशाचा निरोप पाठवण्याची पद्धत मी सोडून दिली, कारण बंद पडलेली यंत्रणा तोही पाठवू शकत नाही. आता रोज सकाळी यशाचा निरोप येतो, आणि तो आला नाही की मी स्वतः जाऊन पाहतो.

आता मुख्य बॅकअप रेस्टिक या सॉफ्टवेअरने होतो. ते डेटा कूटबद्ध करते (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा बदलते), एकच मजकूर दोनदा साठवत नाही, आणि बॅकअप साठवण्यासाठी आधी तयार केलेले भांडार सापडले नाही तर पुढे जात नाही. यूएसबी डिस्क दोन आहेत. एक आठवडाभर सर्व्हरला जोडलेली असते, दुसरी नातेवाइकांच्या घरी असते आणि दर रविवारी त्यांची अदलाबदल होते. अशी एक प्रत सर्व्हरपासून तुटलेली असणे मी अत्यावश्यक मानतो, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले तर जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या हाती लागू शकते. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. तो मी कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला आहे.

पाचव्या महिन्यात दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधून सगळे नव्याने उभे करून पाहिले. फाइली एकूण एक आल्या, पण फोटो पाहण्याचे सॉफ्टवेअर सुरू होईना. अल्बम, चेहऱ्यांची नावे आणि वर्णने पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये होती, आणि त्याच्या फाइली तो चालू असतानाच उचलल्या गेल्या होत्या. एक फाइल आधीच्या क्षणाची, दुसरी नंतरची, त्यामुळे त्यांचा मेळ बसत नव्हता. फोटो सुरक्षित आणि त्यांच्यावर घेतलेली काही महिन्यांची मेहनत मात्र गेलेली, अशी ही अवस्था झाली असती. आता बॅकअपआधी डेटाबेसचा डंप (एकाच क्षणाची, मेळ असलेली पूर्ण प्रत) काढला जातो आणि तोच साठवला जातो. ज्यांच्या सर्व्हरवर असे सॉफ्टवेअर आहे, त्यांनी ही एक गोष्ट तरी आजच तपासून पाहावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सातव्या महिन्यात एका डिस्कवरील बदली सेक्टरांची (खराब झालेल्या तुकड्यांऐवजी वापरात आलेल्या राखीव तुकड्यांची) संख्या वाढू लागली आणि महिन्याच्या स्क्रबमध्ये, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासण्याच्या कामात, चेकसमच्या (डेटा बिघडला का हे ओळखण्याच्या आकड्यांच्या) चुका दिसल्या. इथे मिररने आपले काम चोख केले: बिघडलेले ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त झाले आणि नवी डिस्क लावेपर्यंत एकही फाइल अडली नाही. अडचण वेगळीच निघाली. वॉरंटीसाठी जुनी डिस्क परत पाठवायची, तर तिच्यावर घरातली सगळी कागदपत्रे उघडी होती. ती अजून लिहू देत होती म्हणून पूर्ण पुसता आली. पूर्ण मेली असती तर मी वॉरंटीच सोडली असती. झेडएफएसमध्ये कूटबद्ध साठवण २०१९ पासून लिनक्सवर उपलब्ध आहे आणि ती पहिल्या दिवशीच वापरायला हवी होती, कारण आधीचा डेटा नंतर जागच्या जागी कूटबद्ध होत नाही, सगळा पुन्हा लिहावा लागतो. वीज जाऊन आल्यावर कूटबद्ध डेटा उघडण्याची किल्ली हाताने द्यावी लागते, हा त्रास मला मान्य आहे.

एक उणीव अलीकडेच ध्यानात आली. हे सारे माझ्याशिवाय घरात कोणालाच करता येत नव्हते. मी दोन पानी सूचना लिहिल्या आणि गेल्या महिन्यात बहिणीला त्या कागदावरून, मला काही न विचारता, एक फोल्डर परत आणायला सांगितले. तिला पाऊण तास लागला आणि ती दोन ठिकाणी अडली: कोणती डिस्क लावायची ते मी लिहिलेच नव्हते, आणि पासवर्डातला शून्य तिने ओ वाचला होता. दोन्ही डिस्कवर आता चिठ्ठ्या आहेत, पासवर्ड नव्याने ठळक लिहिला आहे, आणि पुढच्या वेळी तोच कागद आईच्या हाती देणार आहे.