विनाअनुदानित शाळेत लागलात? तुमच्या नावाचा मान्यतेचा प्रस्ताव गेलाय का ते आधी बघा

"अनुदान आलं की तुम्ही पर्मनंट" या एका वाक्यावर दिवस काढणाऱ्या नवीन शिक्षकांसाठी लिहितेय. संस्थेचं आणि गावाचं नाव घेत नाही, केस चालू आहे.

बी.एस्सी. बी.एड. झाल्यावर 2016 मध्ये मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागले. अध्यक्ष साहेब स्वतः घरी येऊन पप्पांना बोलले की मॅडमची ऑर्डर शिक्षणसेवकाची (म्हणजे आधी ठरलेल्या मानधनावरची) आहे, तीन वर्षं झाली की कायम, फक्त शाळा अनुदानावर यायची वाट बघायची. इमारत निधी म्हणून चार लाख घेतले, पावती नाही. पगार महिन्याला चार हजार, तोही कधी दिवाळीला एकदम तर कधी नाहीच, पण सही मात्र आठ हजारांच्या व्हाउचरवर, कारण तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन तेवढं होतं. (आता 2023 पासून ते 18 हजार झालंय, सही तेवढ्यावर घेऊन हातात किती देतात ते तुम्हीच बघा.) आणि जॉइन होतानाच राजीनामा लिहून घेतला, तारखेची जागा कोरी, म्हणे सगळ्यांकडूनच घेतो, फॉर्मॅलिटी आहे.

आता नीट वाचा. संस्थेची ऑर्डर हातात आली म्हणजे तुम्ही सरकारदरबारी शिक्षक झालात असं नसतं. संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांकडे तुमच्या नावाचा प्रस्ताव पाठवायचा, तिथून वैयक्तिक मान्यता मिळते, मग शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक), आणि तेव्हा कुठे अनुदानाचा पगार. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, प्रस्ताव टाकलाय, त्रुटी निघाली, साहेब बदलले, पुढच्या महिन्यात बघू. प्रत्यक्षात माझ्या नावाचा कागद त्या ऑफिसात कधी गेलाच नव्हता.

2023 मध्ये शाळा 20 टक्के अनुदानावर आली, पेढे वाटले, आणि थोड्याच दिवसांत स्टाफरूममध्ये एक नवे सर येऊन बसले. संचालकांचे नातेवाईक, विषय विज्ञान, आणि कागदावर नेमणूक 2012 च्या मे महिन्याच्या आधीची! 2 मे 2012 पासून सरकारने शिक्षक भरतीवर बंदी आणली होती, म्हणून त्याच्या आधीची तारीख घातली की माणूस बंदीतून सुटतो, पुढे पवित्र पोर्टलचाही (सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीचा) संबंध येत नाही. हजेरीचं मस्टर नवीन लिहिलं, त्यात ते सर जुन्या वर्षांपासून हजर आणि मी कुठेच नाही. मला तोंडी सांगितलं उद्यापासून येऊ नका, आणि त्या कोऱ्या राजीनाम्यावर तारीख पडली. जोवर जागेला पैसा नव्हता तोवर मी चालत होते, पैसा आला आणि जागा घरच्या माणसाला गेली. हे फक्त आमच्याकडेच होतं असं समजू नका, नागपूर विभागातला बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा 2025 मध्ये बाहेर आला, त्यात अधिकाऱ्यांना अटक झाली.

मला आज आधार आहे तो शाळेबाहेरून आलेल्या कागदांचा. बोर्डाच्या दहावीच्या पेपर तपासणीच्या ऑर्डरी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, इलेक्शन ड्युटीचं पत्र, हे संस्थेला बदलता येत नाही. हे सगळं घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नाही. मस्टरवर सही करताना जमेल तेव्हा फोटो काढा. आणि पहिल्याच वर्षी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, अमुक शाळेकडून या पदासाठी कोणाच्या नावाचा प्रस्ताव आलाय, आवक क्रमांक काय, संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या सरकारी हिशोबात) पदं किती. अर्ज टाकला तर अध्यक्ष चिडतील ही भीती मला माहितीये, तर घरच्या दुसऱ्या कोणाच्या नावाने टाका, चालतं.

काढून टाकलं तर रडत बसू नका, आधी तारीख लिहून ठेवा. 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे, तो विनाअनुदानितलाही लागू आहे, नाही म्हणणारे खोटं बोलतात. कलम 9 प्रमाणे 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. आणि त्याच कायद्याचं कलम 7 म्हणतं की राजीनामा दोन प्रतींत, कर्मचाऱ्याने सही करून त्यावर तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. आधीच घेऊन ठेवलेला माझा कागद यात कुठे बसतो? माझे वकील याच मुद्द्यावर लढतायत.

अपील दाखल आहे, तारखा चालू आहेत, ते सर माझ्या वर्गावर शिकवतायत. पप्पांच्या चार लाखांचं काय करायचं ते मात्र पावती नसल्यामुळे अजून अडकलंय. तुमच्याकडे कोणी निधी मागत असेल तर चेकने देतो, पावती द्या, एवढं बोलून बघा, पुढचं त्यांच्या चेहऱ्यावरच कळेल.